बिनखाड्याचा कल्याण

कुंभार पिंपळगावात कल्याणच्या गुडघ्यांची चौकशी रोज व्हायची, कल्याणची क्वचितच. गिरणीवर दळण घेऊन आलेली बाई डबा टेकवता टेकवताच विचारायची, "काय म्हणतेत गुडघे?" आणि कल्याण मशीनचा पट्टा चढवत म्हणायचा, "हायेत जागेवर." एवढ्यावर बाईचं समाधान व्हायचं. गुडघे जागेवर म्हणजे सामना जागेवर आणि सामना जागेवर म्हणजे गावाची इज्जत जागेवर, असं सगळं सोपं करून ठेवलेलं होतं.

खरं तर ते गुडघे केव्हाच जागा सोडून गेले होते. जालन्याच्या डॉक्टरनं त्यांचा फोटो उजेडाला धरून बघितला आणि विचारलं, "हमाली करता का?"

"न्हाई. बेसबॉल खेळतो," कल्याण म्हणाला.

डॉक्टरला वाटलं, पेशंट चेष्टा करतोय. मग त्यानं सांगितलं की मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जिना टाळायचा. कल्याणनं हे सगळं इमानेइतबारे पाळलं. लग्नाच्या पंगतीत तो म्हाताऱ्यांसोबत टेबलावर जेवायला बसू लागला. सत्यनारायणाच्या पूजेला भिंतीला टेकून उभा राहू लागला. चाळिशीही न गाठलेल्या माणसाला पोरं खुर्ची आणून देऊ लागली. फक्त सामन्याच्या दिवशी तोंडाला जाळी, छातीला गादी आणि नडग्यांना ढाली बांधून तो बॅटरच्या मागं दोन-अडीच तास उकिडवा बसायचा. तो कॅचर होता, बॅटरनं सोडलेला चेंडू झेलणारा, आणि उभ्यानं कॅचर होता येत नाही.

बेसबॉल या गावात आणला तो बदरोद्दीन सरांनी. हायस्कुलात ते पी.टी.चे मास्तर होते. औरंगाबादला कसल्याशा शिबिराला गेले आणि येताना एक बॅट, दोन ग्लोव्ह आणि डोक्यात हे खूळ घेऊन आले. क्रिकेटला गावोगावचे संघ होते, तिथं आपला नंबर लागणं कठीण. बेसबॉलमध्ये जिल्ह्यात इतके कमी संघ, की नऊ पोरं नुसती मैदानात उभी केली तरी उपांत्य फेरी हमखास. हेडमास्तर खूष झाले, पोरांना प्रमाणपत्रं मिळाली, आणि पुढं प्रमाणपत्रांची हौस फिटल्यावरही खेळ गावात राहून गेला.

सराव झाला की सर शाळेच्या पायरीवर बसून अमेरिकेच्या गोष्टी सांगायचे. सलग छप्पन्न सामन्यांत ज्याचा फटका चुकला नाही त्याची गोष्ट. अख्ख्या सामन्यात ज्यानं एकालाही बेसवर पाय ठेवू दिला नाही त्याची गोष्ट. पण त्यांची लाडकी गोष्ट एकच होती, लोखंडी घोडा म्हणून ज्याला ओळखायचे त्या खेळाडूची. "सलग दोन हजारांवर सामने खेळला रे पोरांनो! बोटं मोडली, पाठ धरली, पन मैदान सोडलं न्हाई." मग छप्पन्न वर्षांनी दुसरा एक जण आला आणि त्यानं तो विक्रम मोडला. आकडा बदलला तेव्हा लोक वीस मिनिटांवर टाळ्या वाजवत होते. हे सांगताना सर स्वतःच टाळ्या वाजवायचे. पोरं हसायची, कल्याण हसायचा नाही.

त्याला कॅचर केलं ते अंगानं भरलेला म्हणून. चेंडू लागतो, त्यामुळं ती जागा दुसऱ्या कुणाला नकोच होती. पहिले पन्नासेक सामने कुणाचं लक्षही नव्हतं. मग एक दिवस सर म्हणाले, "अरे, तुझा तर एक बी खाडा न्हाई." मजूर कामावर आला नाही की आपल्याकडं खाडा पडला म्हणतात. त्या दिवसापासून कल्याण गावाचा बिनखाड्याचा झाला.

आणि मग तो झालाच. स्वतःच्या हळदीच्या दिवशी खेळला, चेंडू पिवळा झाला म्हणून समोरच्या संघानं तक्रार केली. वडिलांचा दहावा उरकून नदीवरून थेट मैदानात आला. तुळतुळीत डोक्यावरून जाळी घसरत होती. लेक झाली तेव्हा बायको शीतल जालन्याच्या दवाखान्यात होती आणि कल्याण दोन किलोमीटरवरच्या मैदानात. "जवळच व्हतो ना," असं तो नंतर बायकोला म्हणाला. शीतलनं लेकीला दुसऱ्या कुशीवर घेतलं, आणि ते वाक्य पुढं सगळी वर्षं घरात राहिलं.

आता तीनशेवा सामना आला होता.

याची खबर सगळ्यात आधी शिवाजीला लागली. शिवाजी हा गावचा मंडपवाला, लाऊडस्पीकरवाला आणि निवेदक. गावात बारसं असो की दहावा, माइक शिवाजीच्या हातात. त्यानं वर्गणी काढून दहा फुटांचा फ्लेक्स लावला, 'बिनखाड्याचे तीनशे!' खाली कल्याणचा फोटो होता, पण जाळी घातलेला. त्या जाळीमागं कल्याण आहे की आणखी कोणी, हे सांगूनच कळलं असतं. सत्काराला मोठे साहेब येणार होते. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं ठरलं होतं. फक्त कल्याणला काय हवंय हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

कल्याणला थांबायचं होतं. तो दमला होता. सकाळी गिरणीचं शटर वर ढकलताना दमायचा, दळणाचा डबा उचलताना दमायचा, आणि कुणी "मामा, रविवारी दाखवा हिसका" म्हटलं की त्यानं तर फारच दमायचा. पण बिनखाड्याचा कल्याण थांबला तर मागं उरणार गिरणीवाला कल्याण, आणि तसे गावात आणखी दोन होते. ही भीती त्यानं कधी कुणाला सांगितली नाही. सांगायला लाजच वाटायची.

सामन्याच्या आठवड्यात त्याची बहीण बेबीनंदा गहू घेऊन आली. गिरणी चालू होती, म्हणून ती मोठ्यानं बोलत होती.

"भारत चाललाय पुण्याला. कंपनीत. सोमवारी गाडी हाय."

कल्याणनं मशीन बंद केलं. "कधी ठरलं?"

"झाले की पंधरा दिवस. तुला बोलला न्हाई? म्हणला, मामाच्या तीनशेव्या सामन्यापातुर थांबतो, मंग जातो." बहिणीनं पदरानं नाक पुसलं. "इथं बसून तरी काय करील, दादा? सहा वर्सं झाली, नुस्ता बसूनच तर हाय."

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं, पण कल्याणला टोचलं. भारत हा तिचा थोरला, चोवीस-पंचवीसचा. तोही कॅचर. चांगला कॅचर, खरं तर कल्याणपेक्षा चपळ. पण कॅचर एका वेळी एकच लागतो, आणि ती जागा मामानं सहा वर्षं अडवलेली. भारत सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा, सामन्याच्या दिवशी चेंडू टाकणाऱ्या पिचरचा हात मोकळा करून द्यायचा, आणि सामना सुरू व्हायच्या आधी मामासमोर गुडघ्यावर बसून त्याच्या नडग्यांच्या ढालींचे पट्टे आवळायचा, कारण मामाला वाकता येत नव्हतं. मग सीमारेषेच्या दोरीबाहेर जाऊन बसायचा. दुसऱ्या जागेवर खेळ म्हटलं तर त्याला जमायचं नाही; चेंडू लांबून येताना बघायची त्याला सवयच नव्हती.

त्या संध्याकाळी कल्याण बदरोद्दीन सरांकडं गेला. सर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. अंगणात खाटेवर बसून ते जुना ग्लोव्ह तेल लावून मऊ करत होते. त्यांच्या बायकोनं, आमिनाचाचींनी, चहा आणून दिला. कल्याणला खाटेवर बसता येईना, त्या खुर्ची आणायला आत वळल्या तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या चाची, उभाच ठीक हाय."

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्यानं विचारलं, "सर, तो लोखंडी घोडा थांबला कसा?"

सरांचा तेलाचा हात थांबला. "थांबला. सगळेच थांबतात. चहा घे, गार होतोय."

"पन कसा?"

"तीनशे होऊ दे बेटा. मंग सांगतो."

तो तसाच परत आला. शीतलनं रुईची पानं गरम करून त्याच्या गुडघ्यांवर बांधली. बांधता बांधता म्हणाली, "सरळ सांगून का न्हाई टाकत सरांला, की आता होत न्हाई?"

"म्हातारे झाले ते. दुसरं काय हाय त्यांच्याजवळ?"

"आन भारतजवळ काय हाय?" शीतलनं गाठ जरा जोरातच मारली. "तुम्ही समदे एकमेकांसाठी खेळून राह्यले. तिकडं पोरगं चाललं गाव सोडून."

कल्याणनं मान फिरवली. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर असलेलं ऐकून घ्यायचंही त्याला त्राण उरलं नव्हतं.

रविवारी बाजाराच्या पटांगणात मंडप उभा राहिला. समोर केदारखेड्याचा संघ होता. सत्कार दोनला, सामना तीनला, असं शिवाजीनं ठरवलं होतं. दुपारी दीडलाच कल्याणला व्यासपीठावर बसवून फेटा बांधला गेला, कारण फेटेवाल्याला पुढं एका लग्नाची घाई होती. पाठीवर टॉवेल टाकलेल्या चार खुर्च्या होत्या. मधली साहेबांची म्हणून मोकळी, शेजारी कल्याण. लाऊडस्पीकरचा कर्णा बरोबर त्याच्या कानामागं.

दोन वाजले. "साहेब फाट्यावर आलेले आहेत!" शिवाजीनं जाहीर केलं. अडीच वाजले, साहेब फाट्यावरच होते. तीन वाजले तेव्हाही फाट्यानं त्यांना सोडलं नव्हतं. मधल्या वेळात शिवाजी गाणी लावत होता आणि दोन गाण्यांच्या मध्ये कल्याणचं चरित्र सांगत होता, ज्यात दर वेळी नवी माहिती असायची. कल्याण फेटा सांभाळत ताठ बसून होता. डोकं खाजवायचीही सोय नव्हती.

साडेतीनला पंच पुढं आले. ते जालन्याहून आले होते आणि त्यांना परत जायचं होतं. "नावं द्या बघू. सात डाव व्हायचेत, उजेड चाललाय. नसेल जमत तर सामना केदारखेड्याला देतो."

"असं कसं, असं कसं!" शिवाजी माइक चालू ठेवूनच खाली धावला, त्यामुळं पुढचं सगळं बोलणं गावानं ऐकलं. "सत्कारमूर्ती व्यासपीठ कशी सोडंल? साहेबांनी मोकळी खुर्ची बघितली तर? तोवर भारतला बसवा. साहेब गेले की मामा उतरतील. एक चेंडू बी खेळले तरी सामना मोजतेत ना, सर?"

"मोजतात," शेजारी उभे असलेले बदरोद्दीन सर म्हणाले; रिटायर झाले तरी संघ अजून तेच बघायचे. "पन मामा आत आला की भारत बाहेर. मंग त्याला परत येता येत न्हाई."

"नकोच यायला. काम काय हाय?" शिवाजी म्हणाला आणि प्रश्न मिटला.

सर नावांचा कागद घेऊन व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. एकेक पायरी चढून वर यायला त्यांना वेळ लागला. कल्याणच्या खुर्चीजवळ येऊन त्यांनी पेन उघडलं. "कॅचर कोन लिहू?"

कल्याणनं मैदानाकडं बघितलं. मंडपाच्या सावलीत भारत उभा होता, हातात ढाली घेऊन. त्या त्यानं मामासाठी धरल्या होत्या.

"भारत लिहा."

"आन तू?"

"बदलीत," कल्याण म्हणाला. निम्मंच बोलला, तेवढंच धाडस होतं त्याच्याजवळ.

सामना सुरू झाला. सहा वर्षं थांबून भारत पहिल्यांदा सामन्यात बॅटरच्या मागं बसला आणि असा बसला, जसा काल उठून गेलेला माणूस परत येऊन बसावा. पहिल्याच डावात केदारखेड्याचा एक धावपटू दुसऱ्या बेसकडं पळाला. भारत बसल्या जागेवरून उसळला, चेंडू सुटला आणि धावपटू बेसच्या हातभर अलीकडं बाद झाला. कल्याणच्या अंगावर काटा आला. असा चेंडू त्याला गेल्या चार वर्षांत फेकता आलेला नव्हता. त्याला मनापासून आनंद झाला आणि त्याच क्षणी मत्सरही वाटला. त्या दोन्हींतलं खरं कोणतं, हे त्याला ठरवता येईना. कानामागं कर्णा किंचाळत होता. मैदानातलं काहीएक ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं.

पाचव्या डावात साहेब आले. गाड्यांचा धुरळा पिचरच्या डोळ्यांत गेला म्हणून खेळ थोडा थांबला. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला आणि माइक हातात घेऊन सांगितलं की कल्याणरावांनी आज तीनशे धावा काढून तालुक्याचं नाव उज्ज्वल केलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी रस्ता, पाणी, कारखाना आणि विरोधक असे एकेक विषय घेतले. समोर सामना चालू होता. ज्याच्या न चुकलेल्या सामन्यांचा सत्कार चालला होता तो माणूस सामन्यात नव्हता, आणि हे हजार लोक उघड्या डोळ्यांनी बघत होते, पण कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

सरांचाही सत्कार होता, म्हणून ते शेजारच्या खुर्चीत येऊन बसले होते. भाषणाच्या आडून ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी तू विचारलंस ना, घोडा थांबला कसा."

कल्याणनं मान वळवली.

"त्याला कोनी काढलं न्हाई. अंगात बिमारी शिरली व्हती, पन कोनाची हिंमत नव्हती त्याला काढायची. तो स्वतःच गेला, म्हणला, आज माझं नाव नको. नावाचा कागद बी स्वतःच पंचाला नेऊन दिला. आन ज्यानं त्याचा विक्रम मोडला, त्यानं बी तसंच केलं. तब्येत चांगली व्हती, तरी. सामन्याच्या जरा आधी जाऊन सांगितलं, आज मी न्हाई."

"मंग हे कधी सांगितलं का न्हाई सर? नुस्ता आकडाच सांगितला."

सर समोर बघत म्हणाले, "मला वाटायचं, तू एक दिवस येऊन म्हणशील. तुझे गुडघे मला दिसत नव्हते काय? मी तुझी वाट बघून राह्यल्तो."

"आन मी तुमची," कल्याण म्हणाला.

इतकी वर्षं दोन माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत थांबली होती, आणि मध्ये एक पोरगं दोरीबाहेर बसून मोठं झालं होतं.

साहेब गेले. शिवाजीनं घाम पुसला, मैदानाकडं बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. सातवा डाव चालू होता. पिंपळगाव एका धावेनं पुढं, केदारखेड्याचे दोन जण बाद, तिसऱ्या बेसवर त्यांचा धावपटू. एक बाद झाला की खेळ खलास.

"थांबा! ओ पंच, थांबा!" माइकवरून शिवाजी ओरडला. "मामा खेळलेच न्हाईत! खाडा पडून राह्यला ना हो! मामा, उतरा जल्दी! एक चेंडू बसा, फक्त एक!"

आता कुठं सगळ्यांना कळलं. मंडप उठून उभा राहिला. "मामा, उतरा! एकच चेंडू!" म्हातारी माणसंसुद्धा ओरडत होती. पंच म्हणाले, "बदली आहे का? असेल तर लवकर सांगा." सर फक्त कल्याणकडं बघत होते.

कल्याण उठला. एका हातानं खांब धरून तो व्यासपीठाच्या पायऱ्या उतरला. खाली आल्यावर त्यानं डोक्यावरचा फेटा काढला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. फेट्यावरून जाळी चढत नाही, हे गावातल्या लहान पोरालाही माहीत होतं.

समोरून भारत येत होता. जाळी काढून हातात घेतलेली, कपाळावर तिचा लाल वळ, सगळा चेहरा घामानं आणि मातीनं माखलेला. तो चालता चालता वाकून एका ढालीचा पट्टा सोडत होता. मामापाशी येऊन त्यानं जाळी पुढं केली.

"या मामा," तो म्हणाला. "बांधून देतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर कल्याणला सोपं गेलं असतं. सोमवारी गाडीत बसणारं हे पोरगं आपल्या आयुष्यातल्या एकुलत्या एका सामन्याचा शेवटचा बाद मामाला देऊन टाकायला निघालं होतं, आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. सहा वर्षांत त्याला तेवढंच शिकवलं गेलं होतं. कल्याणला स्वतःची शरम वाटली.

त्यानं जाळी घेतली. लोकांनी पुन्हा शिट्ट्या मारल्या. मग त्यानं ती भारतच्या डोक्यावर चढवली आणि मागचा पट्टा ओढून बघितला. आणि मग, डॉक्टरनं जे कधीच करायचं नाही म्हणून सांगितलं होतं तेच करत, तो सगळ्या गावासमोर मातीत गुडघ्यांवर बसला. कळ पार मस्तकात गेली. त्यानं भारतच्या नडगीवरची सुटलेली ढाल जागेवर बसवली आणि पट्टा आवळला. बक्कल दोनदा सुटलं.

"मामा, काय करून राह्यले? उठा ना," भारत वरून कुजबुजत होता.

"गप उभा ऱ्हाय." तिसऱ्यांदा बक्कल लागलं. कल्याणनं वर बघितलं, भारतकडं नाही, पंचांकडं. "बदली न्हाई साहेब," तो म्हणाला. "आज माझा खाडा."

शिवाजीनं आयुष्यात पहिल्यांदा आपणहून माइक बंद केला. कर्णा बंद झाला, गाणं बंद झालं. सर खाली आले होते. त्यांनी आणि शिवाजीनं दोन्हीकडून धरून कल्याणला उभं केलं आणि दोरीबाहेर आणलं. लोकांपैकी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काहींच्या चेहऱ्यावर तर चक्क राग होता, वर्गणी दिलेल्यांच्या जास्त.

भारत जाऊन बसला. पिचरनं हात मागं नेला आणि चेंडू सोडला.

थाड!

कल्याण दचकला. चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा तो आवाज पटांगणावरून थेट मारुतीच्या देवळापर्यंत गेला असेल. एवढी वर्षं, जवळजवळ तीनशे सामने, तो आवाज त्याला फक्त तळहातात माहीत होता, एक चटका म्हणून. बाहेर उभ्या राहणाऱ्याला तो इतका मोठा आणि इतका सुरेख ऐकू येतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. भारतला ठाऊक होतं. दोरीबाहेर बसून भारत तो सहा वर्षं ऐकत आला होता. पंचांनी पहिल्या स्ट्राइकचा हात वर केला, असे तीन झाले की बॅटर बाद, आणि कल्याणला रडू फुटलं, लपवता न येण्याइतकं.

शीतल गर्दीतून पुढं आली. तिनं व्यासपीठावरची साहेबांची खुर्ची उचलून आणली होती, टॉवेलासकट.

"बसा," ती म्हणाली.

कल्याणनं त्या टॉवेलानं तोंड पुसलं, दोन्ही पाय समोर लांब सोडले आणि भारतचा सामना संपेपर्यंत तो तिथंच बसून राहिला.